यादवीतला खुर्दा

1862 सालच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरावर एक चमत्कारिक दुष्काळ ओढवला. धान्य मुबलक होते, मांसमच्छी होती, दारूचे गुत्ते रात्री उशिरापर्यंत उघडे होते आणि लष्कराचा माल पुरवता पुरवता कारखानदारांना उसंत नव्हती. नव्हता तो फक्त खुर्दा. पावाच्या दुकानी जाऊन डॉलरची नोट पुढे करावी तर दुकानदार मान हलवून ती परत करी. घोड्यांच्या ट्रामगाडीत वाहकाला द्यायला सुटे पाच सेंट नाहीत, न्हाव्याला द्यायला दहा नाहीत. श्रीमंत मनुष्याची यात गैरसोय झाली. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्याची मात्र चूलच अडली, कारण त्याचा सगळा संसार मुळी खुर्द्यावर चालतो.

या खुर्द्याची आणि तो भरून काढण्यासाठी साध्या दुकानदारांनी पाडलेल्या तांब्यापितळेच्या बिल्ल्यांची गोष्ट आज आपल्यापुढे ठेवायची आहे. क्रमिक पुस्तकांत अमेरिकन यादवी युद्ध म्हणजे लिंकन, गुलामांची मुक्तता आणि गेटिसबर्गची लढाई. ते योग्यच आहे. परंतु तोफा धडाडत असताना बाजारात काय चालले होते हे विचारायचे असेल, तर सेनापतींच्या पत्रांपेक्षा हे बिल्ले अधिक मोकळेपणाने बोलतात. शिवाय ते आजही विकत मिळतात. त्यामुळे ते ओळखावे कसे आणि त्यांचे मोल करावे कसे, याविषयीही चार शब्द सांगणे प्राप्त आहे.

खुर्दा गेला कुठे, हा पहिला प्रश्न. युद्धाला एप्रिल 1861 मध्ये तोंड लागले. त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटेच्या बदल्यात सोने देणे थांबवले. 25 फेब्रुवारी 1862 च्या कायद्याने सरकारने कागदी डॉलर काढले. त्यांची पाठ हिरव्या शाईने छापलेली, म्हणून लोक त्यांना 'ग्रीनबॅक' म्हणू लागले. या कागदामागे सोने नव्हते, सरकारचा शब्द होता. आणि हा शब्द रणांगणावरच्या बातमीबरोबर खालीवर होई. कागदाचा भाव उतरत गेला तसा चांदीचा अर्धा डॉलर कागदी अर्ध्या डॉलरहून महाग झाला. मग चांदी खर्च कोण करणार? दलालांनी ती वटाव देऊन गोळा केली आणि पुष्कळशी कॅनडात रवाना केली. वाईट नाणे चांगल्या नाण्याला बाजारातून हुसकून लावते, हा नियम ग्रेशॅम या इंग्रजाच्या नावावर मोडतो. आपल्या सराफकट्ट्याला तो ग्रेशॅमचे नाव न ऐकताच पाठ होता. कोणते नाणे तिजोरीत टाकायचे आणि कोणते गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचे, हे सराफाला कोणी शिकवावे लागत नाही.

चांदीमागोमाग एक सेंटचे नाणेही दिसेनासे झाले. याचे थोडे नवल वाटते. त्या वेळच्या सेंटमध्ये 88 भाग तांबे आणि 12 भाग निकेल असे. त्यातल्या धातूची किंमत एका सेंटहून कमीच भरे. तरीही लोकांनी ते मडक्यांत भरून ठेवले, कारण कागदापेक्षा तो निदान धातू तरी होता. भीती त्रैराशिक मांडत बसत नाही.

मग लोकांनी टपालाची तिकिटे नाण्यांसारखी वापरायला सुरुवात केली. 17 जुलै 1862 च्या कायद्याने सरकारनेही तिला मान्यता दिली. भर उन्हाळ्यात डिंक लावलेली तिकिटे खिशात घेऊन हिंडणे म्हणजे काय, याची कल्पना आपण करू शकतो! ती एकमेकांना चिकटत, फाटत, मळत. जॉन गॉल्ट नावाच्या एका कल्पक गृहस्थाने 12 ऑगस्टला एक पेटंट मिळवले: पितळेची गोल डबी, आत तिकीट, वर अभ्रकाची पारदर्शक चकती. डबीच्या पाठीवर औषधवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या जाहिराती. सरकारने 21 ऑगस्टपासून तिकिटांची चित्रे असलेल्या पाच, दहा, पंचवीस आणि पन्नास सेंटांच्या छोट्या नोटा काढल्या. यांनी वरची मोड थोडीफार भागली. एका सेंटची अडचण मात्र तशीच राहिली.

येथे क्षणभर मुंबईकडे वळले पाहिजे, कारण हे युद्ध आपल्या दारीही आले होते, फक्त उलट्या पावलांनी. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, अमेरिकन कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली. खानदेश आणि वऱ्हाडातला कापूस कित्येक पटींनी महाग झाला. त्याच्या मोबदल्यात मुंबई बंदरात चांदी उतरू लागली, ती नेमकी न्यूयॉर्कमधून चांदी पळाली त्याच वर्षांत. शेतकऱ्यांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशी आख्यायिका त्या काळाविषयी सांगतात. मुंबईच्या शेअरबाजारात प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे हुंडी होती, आणि समुद्र हटवून जमीन करण्याच्या बॅकबे कंपनीच्या शेअरांपायी शहाणीसुरती माणसे वेडी झाली होती. एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेत युद्ध संपले, कापूस कोसळला आणि 1 जुलै 1865 या वायद्यांच्या दिवशी मुंबईची दिवाळखोरी उघडी पडली. प्रेमचंदांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्याकडे पाहताना अमेरिकेतल्या एका सेंटची आठवण कोणाला होत नाही, पण दोघांचे गोत्र एकच आहे.

आता पुन्हा अमेरिकेकडे. 1862 च्या अखेरीस ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरातल्या व्यापाऱ्यांनी ठसेकारांकडून स्वतःचे बिल्ले पाडून घेतले. पुढच्या वर्षी हे लोण न्यूयॉर्कपासून शिकागोपर्यंत पसरले. बिल्ल्याचा आकार सरकारी सेंटएवढा, म्हणजे सुमारे 19 मिलिमीटर. ठसेकाराकडून तो एका सेंटहून कमी किमतीत मिळे आणि दुकानात एक सेंट म्हणून खपे, त्यामुळे दुकानदाराची मोडही भागे, जाहिरातही होई आणि वर दोन पैसे सुटत. 1862 च्या त्याच कायद्याने एका डॉलरहून लहान रकमेचे खाजगी चलन काढण्यास बंदी केली होती. पण बंदी करणाऱ्या सरकारपाशी द्यायला सेंट नव्हता, मग कायदा ऐकतो कोण? अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे असे अडीच कोटींच्या आसपास बिल्ले बाजारात आले.

त्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग करतात. एकावर दुकानदाराचे नाव, गाव आणि पुष्कळदा पत्ताही असतो. किराणावाला, औषधवाला, बूटवाला आणि अर्थातच गुत्तेवाला. दुसऱ्या वर्गावर व्यापाऱ्याचे नाव नसते. त्यावर निशाण, ढाल, गरुड, 'मॉनिटर' ही पोलादी युद्धनौका किंवा संघराज्य अभंग राखण्याविषयीची घोषणा असते. जॉन डिक्स हा अर्थमंत्री असताना जानेवारी 1861 मध्ये त्याने एक हुकूम पाठवला होता: अमेरिकन निशाण खाली ओढू पाहणाऱ्याला जागच्या जागी गोळी घाला. हे वाक्य बिल्ल्यांवर फार लोकप्रिय झाले. एका ठसेकाराने त्यातल्या 'स्पॉट' या शब्दात एक 'ओ' जास्त घातला आणि त्या चुकीला आज संग्राहक आवडीने शोधत असतात. आणखी एक युक्ती पाहण्यासारखी आहे. सरकारी नाण्याची नक्कल केल्याचा आरोप येऊ नये म्हणून काही बिल्ल्यांवर 'एक सेंट' ही अक्षरे ठसठशीत आणि त्यांच्यावर 'नव्हे' हा शब्द अगदी बारीक घातला आहे. न्यायाधीशाने भिंग घेऊन वाचावे, गिऱ्हाइकाने न वाचावे! व्यापाऱ्याची ही हुशारी मला अप्रामाणिक वाटते, तरी हसू आवरत नाही.

आपल्याकडे याला अगदीच तोड नाही असे नव्हे. पेशवाईत सोनारांना आणि सावकारांना सरकारी सनद घेऊन टाकसाळी चालवता येत. पण तेथे सनद होती, तपासणी होती, हिणकस नाण्याबद्दल दंड होता. अमेरिकेतल्या बिल्ल्यांमागे यांपैकी काही नव्हते. होती ती एवढीच समजूत, की ज्याने बिल्ला काढला तो मागितल्यावर त्याचा मोबदला देईल. काहींनी 'मी तुमचे एक सेंट देणे लागतो' असे त्यावर स्वच्छ लिहिलेही. बहुतेकांनी काहीच लिहिले नाही.

यातून उद्भवलेले न्यूयॉर्कच्या गुस्टावस लिंडेनम्यूलर या गुत्तेवाल्याचे प्रकरण सांगण्यासारखे आहे. त्याने दाढीवाल्या चेहऱ्याचे बिल्ले काढले, तेही थोडेथोडके नव्हेत, दहा लाखांहून अधिक. एका गुत्त्यात दहा लाख सेंटांची मोड लागत नाही हे उघड आहे. बिल्ले शहरभर पसरले. थर्ड अव्हेन्यूवर घोड्यांच्या ट्राम चालवणाऱ्या कंपनीचे वाहक ते भाडे म्हणून निमूटपणे घेत, कारण नाकारले तर गाडीच रिकामी धावली असती. कंपनीपाशी ढीग साठला तेव्हा तिने लिंडेनम्यूलरकडे मोबदला मागितला. त्याने हसून वाटेला लावले. कंपनीला कोर्टात जाण्याची सोय नव्हती, कारण बिल्ल्यावर वचन नव्हते आणि कायद्याने तो पैसाही नव्हता.

कंपनी मोठी होती, तिने तोटा सोसला. पण या घटनेची दुसरी बाजू पहा. असाच बिल्ला शनिवारच्या मजुरीत पडला आणि सोमवारी दुकानदाराने 'आम्ही हा घेत नाही' म्हटले, तर त्या मजुराने जायचे कुठे? शहरात शेकडो दुकानांचे बिल्ले, प्रत्येकाची पत निराळी. कोणाचे दुकान बुडाले, कोण गाव सोडून गेला, याची खबर गरिबाला सर्वांत शेवटी लागते. खाजगी चलनाविषयी पुष्कळ लेखक कौतुकाने लिहितात, लोकांनी सरकारवाचून आपली अडचण कशी निभावली म्हणून. ते कौतुक खोटे नाही. फक्त निभावण्याचा खर्च शेवटी कोणाच्या अंगावर पडला हे त्यात येत नाही.

सरकार अखेर जागे झाले. 22 एप्रिल 1864 च्या कायद्याने सेंटचे नाणे निकेल काढून हलक्या काशाचे केले, दोन सेंटचे नवे नाणे आणले आणि एकदोन सेंट म्हणून खाजगी बिल्ला चालवणाऱ्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड व पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली. 8 जूनच्या दुसऱ्या कायद्याने सर्वच खाजगी नाण्यांचा निकाल लावला. यात गंमत अशी, की टाकसाळीचा प्रमुख जेम्स पोलॉक याला नव्या सेंटची कल्पना पटवली ती या बेकायदा बिल्ल्यांनीच. लोक सरकारी सेंटहून हलका तांब्याचा तुकडा खुशाल घेत होते. मग सरकारनेच तो का पाडू नये? जुना सेंट 72 ग्रेनांचा, नवा 48 ग्रेनांचा. चोराच्या पावलांवर पाऊल टाकून कोतवालाने वाट शोधली म्हणा ना.

आता संग्राहकाकडे वळू. बिल्ला हाती आला की प्रथम आकार पहावा. 1837 च्या आर्थिक मंदीतही अमेरिकेत तांब्याचे बिल्ले निघाले होते, पण ते त्या वेळच्या मोठ्या सेंटएवढे, म्हणजे सुमारे 28 मिलिमीटरचे. मोठा तुकडा यादवीचा म्हणून कोणी गळ्यात मारू लागला तर पट्टीच पुरे. त्यानंतर साल. बहुसंख्य बिल्ल्यांवर 1863 असते, पण साल असणे हा पुरावा नव्हे आणि नसणे हा दोष नव्हे. ठसा एकदा कोरला की तो पुढेही वापरता येतो. दुकानदाराचे नाव असेल तर खरा पुरावा शहराच्या जुन्या नामावल्यांत सापडतो. अमुक मनुष्य अमुक रस्त्यावर 1863 साली दुकान चालवीत होता की नाही, हे त्यांत वर्षवार छापलेले असते. सामान्य गुत्तेवाल्याचा पत्ता इतक्या वर्षांनी जुळला की जो आनंद होतो तो राजाच्या नाण्यात मला तरी मिळत नाही.

मग धातू. बहुतेक बिल्ले तांब्याचे, त्याखालोखाल पितळेचे. तांबेनिकेल, पांढरा मिश्रधातू, जर्मन सिल्व्हर, शिसे आणि क्वचित चांदीतही ते आढळतात. एकाच ठशाचा तांब्याचा तुकडा स्वस्त आणि पांढऱ्या धातूचा शंभरपट महाग असू शकतो, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नये. तांब्याला कल्हई करून पांढरे करणे फार अवघड नाही. वजन करावे आणि झिजलेल्या उंचवट्यावर भिंगाने पहावे, तेथे आतला लाल धातू चहाडी करतो. ओतीव नकलेची कडाही बोलते. साच्याच्या दोन भागांचा सांधा, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खळगे, अक्षरे साबणासारखी गुळगुळीत. ठशाने दाबून पाडलेल्या तुकड्याची अक्षरे धारदार असतात आणि झीज फक्त उंच भागावर पडते, खोलगट भागात नव्हे. युद्धाच्या शताब्दीच्या वेळी, 1961 ते 1965 मध्ये, पुष्कळ स्मरणपदके निघाली, तीही आज जुनी दिसू लागली आहेत. 1973 च्या अमेरिकन कायद्याने नाण्यांच्या नकलेवर 'नक्कल' असे छापणे सक्तीचे केले, पण त्याआधीच्या नकलांवर ते नसते.

आणि एक कळकळीची विनंती. जुना तांब्याचा तुकडा मिळाला की चिंच आणि राख घेऊन बसण्याची आपली घरगुती सवय आवरावी. देवघरातला गडू घासला की उजळतो, जुना बिल्ला घासला की मरतो. दीडशेहून अधिक वर्षांत त्यावर चढलेला तपकिरी रंग हा मळ नव्हे. तो गेला की जाणता गिऱ्हाईक पाठ फिरवतो, आणि त्याचे बरोबर असते.

मोल ठरवण्यासाठी जॉर्ज आणि मेल्विन फुल्ड या पितापुत्रांनी विसाव्या शतकाच्या मध्यास केलेली वर्गवारी प्रमाण मानतात. त्यांनी प्रत्येक ठशाला क्रमांक दिला, धातूला अक्षर दिले आणि दुर्मीळतेच्या दहा पायऱ्या बांधल्या. पहिल्या पायरीवरचे बिल्ले पाच हजारांहून अधिक शिल्लक, पाचव्यावर 75 ते 200, आणि दहाव्यावर एकच एक. पहिल्या पायरीचा झिजलेला बिल्ला आजही वीसपंचवीस डॉलरांच्या आसपास मिळतो. वरच्या पायऱ्यांवर किंमत हजारांत जाते.

पण या पायऱ्या चढताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. वरच्या पायऱ्यांवरचे पुष्कळ तुकडे बाजारात कधी चाललेच नाहीत. युद्ध चालू असतानाच संग्राहकांना या बिल्ल्यांचे वेड लागले होते. ठसेकारांनी ते ओळखले आणि एका दुकानाचा ठसा दुसऱ्याच्या पाठीशी जोडून, चांदीत, पांढऱ्या धातूत, चार चार पाच पाच नग मुद्दाम पाडून त्यांना विकले. आज तेच दुर्मीळ आणि तेच महाग. त्यांनी कोणाचा पाव विकत घेतला नाही, कोणाचे ट्रामभाडे भरले नाही. उलट लिंडेनम्यूलरचा पुष्कळ हातांतून गेलेला, नाक झिजलेला बिल्ला त्यांच्यापुढे स्वस्त ठरतो, कारण त्याने दहा लाख भावंडांसह काम केले. पैसे गुंतवायचे असतील त्याने पांढरा धातू घ्यावा. इतिहास घ्यायचा असेल त्याने झिजलेले तांबे घ्यावे, आणि दोघांनी एकमेकांना मूर्ख म्हणू नये.

हा अनुभव घेण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1942 च्या सुमारास, आपल्याकडेही मोड नाहीशी झाली. गरजेहून अधिक नाणी साठवणे हा हिंदुस्थान संरक्षण नियमांखाली गुन्हा ठरवावा लागला. काठेवाडात जुनागड, मोरवी यांसारख्या संस्थानांनी पुठ्ठ्याची छोटी कुपने काढली, आणि इंग्रज सरकारने 1943 पासून भोकाचा पैसा पाडला. जुना पैसा सुमारे 4.86 ग्रॅमचा, भोकाचा दोन ग्रॅमांहूनही किंचित हलका. निम्म्याहून अधिक तांबे युद्धाकडे वळले. भोकाचे पैसे अफाट संख्येने पाडले गेले, म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारात ते किरकोळ भावाने मिळतात. पुठ्ठ्याची कुपने मात्र वाळवीने, पाण्याने आणि लोकांच्या निष्काळजीपणाने गेली, म्हणून ती महाग. घरातल्या जुन्या पेटीत, वह्यांच्या घड्यांत असे एखादे कुपन निघाले तर त्याला चिकटपट्टी लावू नये आणि घडी उलगडताना जोर करू नये. कोरड्या कागदी पाकिटात ते ठेवावे. पाकिटावर ते कोणाच्या घरी, कोणत्या गावी, कशाबरोबर सापडले एवढे पेन्सिलीने लिहावे, आणि हे लिहून झाल्यावरच भाव विचारायला बाहेर पडावे.